सहाव्या दिवसापर्यंत

ओपल रत्नांच्या खाणीत दरड कोसळून आंते आत गाडला गेला. तिसऱ्या दिवशी शोध थांबवला. थांबवा म्हणणाऱ्यांत कॉलिनही होता.

पंधरवड्याने कॉलिन शेजारच्या खाणीत जमिनीचे हादरे मोजायला ठेवलेलं आपलं यंत्र न्यायला आला. तळहाताएवढं ते डबडं त्याने तिथेच लॅपटॉपला जोडलं. पडद्यावर ठोके उमटले. तीन ठोके, जरा थांबून पुन्हा तीन. त्याने तारखा पाहिल्या. ठोके सहाव्या दिवसापर्यंत चालू होते.

तेवढ्यात आंतेची बायको झोरा त्याच्यासाठी चहा घेऊन आली.

"काय दिसतंय रे त्यात?"

"काही नाही, झोरा. दरड पडली तेव्हाच गेला तो. त्याला कळलंसुद्धा नसेल."

झोराने कप त्याच्या हातात दिला.

"पाचव्या दिवशी मी खाणीवर जमिनीला कान लावून पडले होते, कॉलिन. तो ठोकतोय म्हणून ओरडले, तर 'भास होतायत तुला' म्हणालास. हाताला धरून घरी नेऊन सोडलंस मला."