खडखडाटातली तालीम

उद्या मुलाखत होती आणि विणकराचा जीव थाऱ्यावर नव्हता. लेकीने लिहून दिलेली इंग्रजी वाक्यं तो महिनाभर मागाच्या खडखडाटात घसा ताणून घोकत होता. मुकादमाच्या कानावर गेलं असतं, तर आहे तीही नोकरी गेली असती.

"आय वॉन्ट टू चेंज माय जॉब, सर!" तो ओरडला, आणि नेमकी वीज गेली. सगळे माग एकदम गप्प झाले. त्याने जीभ चावली.

पण शेजारच्या मागामागून आवाज आला, "आय ॲम व्हेरी हार्डवर्किंग, सर!"

"अरे लबाडा, तूसुद्धा?"

दोघांनी घाबरून मुकादमाच्या काचेच्या खोलीकडे पाहिलं. आत मुकादम कानांत बोटं घालून भिंतीला सांगत होता, "माय नोटीस पीरियड इज वन मंथ, सर."