चिकाचे दोन थेंब

वीस मिनिटं दूध काढायचा पंप लावून मैत्रीनं वाटीत पाहिलं. तळाशी नुसती पिवळट ओल. ती उठली आणि बेसिनकडे निघाली.

"कुठं निघालात?" मागून प्रेमला सिस्टरनी विचारलं.

"वाटी धुवायला. काहीच आलं नाही."

"काहीच नाही, तर मग धुताय काय?"

सिस्टरनी वाटी काढून घेतली, तिरकी धरली आणि बिनसुईच्या सिरिंजनं ती ओल हळूहळू ओढली. दोन बारीक रेघा भरल्या.

"हा चीक आहे. पोट भरायला नाही, ते काम सध्या सलाईन करतंय. यात जंतूंशी लढणारी प्रथिनं असतात. पहिल्या दोन-तीन दिवसांतच ती इतकी दाट मिळतात. दुकानात मिळत असती, तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता? चला, तुम्हीच लावा."

लेक दोन महिने आधीच आली होती. वजन अकराशे ग्रॅम. काल इथंच, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, एका बाळाला जंतुसंसर्ग झाला होता. ते ऐकल्यापासून मैत्रीला झोप नव्हती.

वाहतूक पोलिसाच्या ड्युटीवर कर्वे पुतळ्याच्या चौकात भरधाव बस थोपवणारा तिचा हात, लेकीला ठेवलेल्या काचेच्या पेटीच्या खिडकीपाशी मात्र थबकला.

"माझ्या हातून काही झालं तर?"

"हात धुतलेत ना? मग घाला आत. ती तुमचीच आहे."

मैत्रीनं सिरिंजचं टोक त्या इवल्याशा ओठांच्या कोपऱ्यात टेकवलं. एक थेंब उजव्या गालाच्या आत. एक डाव्या. क्षणभर काहीच झालं नाही. मग लेकीनं जीभ बाहेर काढली, ओठ चाटले आणि चक्क मिटकी मारली.

मैत्रीला हसू फुटलं. बाळंत झाल्यापासून पहिल्यांदाच.

"पुढचं किती वाजता?"

"तीन तासांनी. थेंबभर आला तरी आणायचा."

दाराबाहेर तिचा नवरा आयुष ताटकळत उभा होता. "पाजलंस? किती?"

"दोन थेंब."

"दोनच? अगं, एवढ्यानं तिचं पोट काय भरणार?"

"पोटाचं नंतर बघू," मैत्री वॉर्डाकडे चालू लागली. "आत्ता बंदोबस्त लावून आलेय."