थोडं म्हणजे किती?

हिंदुरावांनी उलथन्यावरचा पाक चिमटीत धरून ताणला आणि ऋतुजाला विचारलं, "झाला का गं?"

साखर कारखान्यात अडतीस वर्षं नुसत्या चिमटीनं रस पारखणारा माणूस रव्याच्या लाडवांचा पाक तिला विचारत होता! निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं त्यांचं कसब यंत्रानं डोक्यातून काढून घेतलं आणि तासाभरात ऋतुजाच्या डोक्यात भरलं. म्हणून तर एकोणिसाव्या वर्षी ती कारखान्यात त्यांच्या जागी उभी होती. आणि म्हणूनच ते कसब त्यांना परत शिकवायला ती दर रविवारी गुपचूप त्यांच्या घरी येत होती.

"थोडं थांबा, आबा."

"थोडं म्हंजे किती? आणि का?"

ऋतुजानं उलथन्यावरचा पाक स्वतः चिमटीत धरून पाहिला. बोटांना ठाऊक होतं, तिला नव्हतं.

"काय माहीत! माझं कधी चुकलंच नाही."

"आणि मी कुठं कुठं चुकलो, ते मला आठवत न्हाई. झ्याक जोडी जमली की!" हसत हसत हिंदुरावांनी गॅस मोठा केला.

"अहो आबा, जळेल!"

"जळू दे. नीट बघ फक्त."

पाक लालसर झाला, मग काळा. घरभर धूर झाला. दोघं खोकत, डोळे पुसत कढईत वाकून बघत राहिली.

मग हिंदुरावांनी दुसरी कढई काढली.

"घाल साखर," ते म्हणाले. "आता जरा कमी चुकू."