फादरांची दाढ

भाचीने मोबाइलवरून नंबर लावला आणि टेबलावरच्या काळ्या फोनकडे बघत बसली. फोन ढिम्म.

"वाजत नाहीये गं," फादर म्हणाले.

"मला तर रिंग ऐकू येतेय, मामा."

सकाळपासून ती मामाच्या चर्चच्या वेबसाइटची डागडुजी करत होती. वेबसाइट अशी संथ, की बाळाच्या बाप्तिस्म्याची चौकशी करायला उघडावी, तर पान दिसेपर्यंत बाळ लग्नाला आलेलं. पहिल्या पानावर एक कबुतर फडफडायचं, ते तिने उडवून लावलं. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या वेळा कुठल्या तरी कोपऱ्यात पुरून ठेवल्या होत्या, त्या उकरून वर आणल्या. आता राहिला होता ऑफिसचा फोन. तो लागतो का, एवढंच बघायचं होतं.

"हॅलो, चर्च!" मोबाइलमधून आवाज आला. म्हातारीचा, पण खणखणीत.

भाचीने मोबाइल स्पीकरवर टाकला. "फादर आहेत का?"

"आहेत, पण बोलता येत नाही बिचाऱ्यांना. दाढ! गाल असा सुजलाय, की सकाळी दारातून आडवे होऊन बाहेर पडले."

फादरांचा हात आपोआप गालावर गेला. कित्येक वर्षं लोक त्यांना चर्चच्या पायरीवर गाठून विचारायचे, दाढ काय म्हणतेय? एक बाई तर न चुकता लवंगेचं तेल आणून द्यायची. फादरांच्या बत्तिशीला कधी काही झालं नव्हतं. आपलीच माणसं, जरा खुळी आहेत, असं म्हणून ते तेल कपाटात ठेवत.

"आजी," ते मोबाइलकडे वाकून म्हणाले, "मी फादरच बोलतोय."

पलीकडे आजी खाकरली. मग आवाज आला, "म्हणजे उतरली म्हणायची सूज."

भाचीला हसू फुटलं. तिने वेबसाइटवरचा नंबर आणि काळ्या फोनवर चिकटवलेला नंबर ताडून पाहिले. वेबसाइटवर शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते. फादरांना वाटायचं, आजकाल चर्चला फोन करतंच कोण. फोनजवळ बसणंही त्यांनी सोडून दिलं होतं.

"आजी, सरळ राँग नंबर म्हणून सांगायचं ना!" भाची म्हणाली.

"सांगत होते की सुरुवातीला. पण राँग नंबर म्हटलं की माणूस फोन ठेवतो गं. चर्च म्हटलं की बोलतो. लेक परदेशी गेली तेही सांगतो, गुडघे धरलेत तेही सांगतो. मिस्साच्या वेळा मी दूधवाल्याकडून चर्चच्या फळ्यावरून मागवल्या. पण तुमचे फादर काय करतायत, ते कुठून मागवू? म्हणून मग दाढ."

"दाढच का?" फादरांनी विचारलं.

"दाढ दुखणाऱ्यावर कोणी रागवत नाही."

फादर हसणारच होते, तेवढ्यात आजीचा आवाज खाली आला.

"फादर, तो नंबर बदला. आजच बदला."

"तेच करतोय, पण तुम्ही..."

"माझं सोडा. गेल्या आठवड्यात एका बाईचा फोन आला. नवऱ्याची शेवटची घटका आहे म्हणाली, शेवटचं पवित्र तेल लावायला फादरांना पाठवा. मी म्हटलं, निघालेच. दुसरं काय म्हणू? शेजारच्या पोरीला म्हटलं, शोध गं तुझ्या मोबाइलवर चर्चचा नंबर. शोधला, तर माझाच निघाला. लावून बघितला, तर माझ्याच घरात वाजला. तेवढ्यात परत तिचा फोन. अजून कसे नाही आले? म्हटलं, कोपऱ्यावर आलेत. परत फोन. म्हटलं, कितवा मजला गं तुमचा? जिना चढतायत बघ."

पलीकडे आजीची खुर्ची करकरली.

"त्यानंतर नाही आला फोन."

फादर खुर्चीत टेकले. गेल्याच आठवड्यात त्यांनी चर्चमधल्या एका शिंप्याला माती दिली होती. त्या दिवशी त्याच्या बायकोने त्यांचा हात घट्ट धरला होता. म्हणाली होती, "तुम्ही जिना चढत होतात, फादर. मी सांगितलं त्यांना." दुःखाने बाईचं डोकं ठिकाणावर नाही, असं फादरांना वाटलं होतं.

"त्या माणसाचं काय झालं हो?" आजीने विचारलं.

"गेला," फादर म्हणाले. "दाराकडे बघत होता म्हणे."

"मग? वाट कसली बघताय? बदला नंबर." आणि आजीने फोन ठेवून दिला.

भाचीने आकडे जागच्या जागी आणले. मोबाइलवरून पुन्हा नंबर लावला. टेबलावरचा काळा फोन असा किंचाळला, की फादर खुर्चीतून उठलेच.

"झालं," ती हळूच म्हणाली. "आता सगळे फोन तुलाच."

फादरांनी काळा फोन उचलला. त्यावर चिकटवलेला नंबर वाचत, शेवटचे दोन आकडे उलटे करून फिरवला. रिंग बराच वेळ वाजत राहिली.

"हॅलो." नुसतंच हॅलो.

"चर्च का?" फादरांनी विचारलं.

पलीकडे कोणीतरी नाक ओढलं.

"नाही हो. राँग नंबर."

फादरांनी फोन ठेवला नाही. पलीकडूनही ठेवला नाही. भाचीने लॅपटॉप बंद केला आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.

"आजी," फादर म्हणाले, "दाढ फार दुखतेय हो."