उजव्या बुटातला खडा

“डाव्या पायानं, गाढवा, डाव्या!” राखीव संघाचे मास्तर कडेवरून ओरडले. “ज्याचं सोंग घेतलंयस, तो उजवा पाय फक्त उभं राहायला वापरतो!”

नकल्यानं मान हलवली. उजव्या बुटात तो रोज सकाळी खडा टाकून ठेवायचा. चुकून त्या पायानं बॉल मारायचा मोह झालाच, तर जीव कळवळावा म्हणून. हा त्याचाच शोध. आठवडाभरात अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं.

सगळे त्याला नकल्याच म्हणायचे. मोठ्या संघाची पुढची मॅच ज्यांच्याशी, त्यांचं सोंग राखीव पोरांनी घ्यायचं, ही क्लबची रीत. त्यांच्या नंबरचे बिनबाह्यांचे बिब जर्सीवर घालायचे, त्यांच्यासारखं पळायचं, त्यांच्यासारखं लोळायचं. मग मोठ्या संघाच्या बचावपटूंनी यांना तुडवायचं. याला सराव म्हणतात. नकल्या आजवर लंगडणारा झाला होता, पंचाशी भांडणारा झाला होता, टाळकं फुटेस्तोवर हेडर मारणारा झाला होता. स्वतः होण्याची सोय नव्हती. मागच्या महिन्यात एका विंगरनं सोंग सोडून आपला खेळ दाखवला, तर मास्तरांनी त्याला भर सरावातून बॅग भरायला पाठवलं.

राखीव खेळाडू म्हणजे डिकीतली स्टेपनी. गाडी पंक्चर झाली तरच आठवण. आणि मालक नवा टायर घ्यायच्या बेतात असला, तर तेव्हाही नाही.

या वेळी गाडी खरंच पंक्चर होती. मोठ्या संघाच्या नऊ नंबरचा, म्हणजे गोल मारणाऱ्याचाच, गुडघा गेला होता. आणि नकल्याचं अकादमीतलं वय संपत आलं होतं. महिनाअखेर अकादमीतली खाट सोडायची, नाहीतर वरच्या संघात जायचं. तिसरी वाट नव्हती.

“आज मोठ्या संघाचे कोच साहेब स्वतः बघणार आहेत,” मास्तरांनी सकाळी त्याला बाजूला घेतलं होतं. “रविवारी समोर येणारा त्यांचा डावखुरा हुबेहूब उतरव. मी तुझ्यासाठी शब्द टाकतो. पण आपलं शहाणपण पाजळलंस ना, तर मी तुला ओळखत नाही.”

घरी तर त्यानं आधीच सांगून टाकलं होतं. आईनं फोनवर विचारलं, “ठेवतायत ना रे तुला? बाबा सारखं विचारतात.” तो म्हणाला, “ठेवलं, आई.” पलीकडून बापाचं हसू ऐकू आलं. वेल्डिंग करून करून त्या माणसाचे डोळे गेले होते. हसू तेवढं शाबूत होतं. आता ते परत कसं मागायचं?

शिट्टी वाजली. मोठ्या संघाचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, त्याला खेटून उभा राहिला.

“काय रे झेरॉक्स, शाई आहे का संपली?”

नकल्या बोलला नाही. डावखुरा बोलत नसे. डावा खांदा पाडून तो निघाला, स्टॉपरला बाहेरून काढलं आणि डाव्यानं गोलचा कोपरा गाठला. जरा वेळानं पुन्हा तेच, पुन्हा तोच खांदा. स्टॉपर गवतावर बसला आणि शिव्या घालायला लागला. कडेला साहेबांनी गॉगल काढला.

मग तिसरा बॉल आला. पाठ गोलकडे, स्टॉपरनं बिब मुठीत धरलेला, डाव्या पायाची वाट अडवून दुसरा बचावपटू उभा. कुणाचं सोंग घ्यायला वेळच नव्हता. नकल्यानं तळव्याखालून बॉल मागे ओढला, उलटा वळला आणि उजव्यानं हाणला.

ही बापाच्या वर्कशॉपच्या अंगणातली चाल. दोन गॅस सिलेंडरचा गोल, मधे वेल्डिंगचा मुखवटा घातलेला बाप. दर वेळी तो चुकीच्या बाजूला झेपावायचा आणि मुखवट्याआड खदखदून हसायचा.

खडा अंगठ्यात घुसला. नकल्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. जाळं हललं.

नकल्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचा चेहरा दगडासारखा. संपलं, त्याला वाटलं. गेली खाट, गेला शब्द, गेलं बापाचं हसू.

“इकडे ये,” साहेबांनी बोलावलं.

तो लंगडत गेला. मास्तरही मागोमाग येऊन उभे राहिले.

“पहिले दोन कळले. त्याचे व्हिडिओ मी पण बघितलेत,” साहेब म्हणाले. “पण तिसरा तू उजव्यानं मारलास. तो उजव्यानंही मारतो?”

मास्तरांनी घसा खाकरला. नकल्याच्या बुटात रक्त चिकचिकत होतं. माझा होता साहेब, हे तीन शब्द जिभेवर आले. मग त्याला तो विंगर आठवला, उघड्या बॅगेतून लोंबणारे त्याचे मोजे आठवले. शब्द परत गिळले.

“मारतो, साहेब,” तो म्हणाला. “अडचणीत सापडला की मारतो. मी मनाचं काहीच केलं नाही.”

“नक्की? सगळं त्याचंच?”

“सगळं त्याचंच, साहेब.”

मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला. साहेबांनी नकल्याची पाठ थोपटली, अगदी मनापासून. “शाब्बास! फार मोठं काम केलंस, पोरा.”

नकल्याचे डोळे भरून आले. आईला कसं सांगायचं, आधी बाबांना द्यायला लावायचं का फोन, हे तो ठरवायला लागला.

साहेबांनी खिशातून मोबाईल काढला आणि क्लबच्या मॅनेजरला लावला.

“नऊ नंबरसाठी शोधाशोध बंद कर. रविवारची मॅच झाली की त्यांच्या डावखुऱ्यालाच उचल,” ते म्हणाले. “अरे, दोन्ही पायांनी मारतो तो. मी आत्ता डोळ्यांनी बघितलं.”