एक्स्पेक्टचा अर्थ

"एक्स्पेक्ट म्हणजे वाट पाहणं," शालिग्रामसर म्हणाले आणि लगेच त्यांनी स्वतःलाच दुरुस्त केलं. "नाही. वाट पाहणं म्हणजे वेट."

"मंग फरक काय पडते?" मेथी निवडता निवडता पुष्पाबाईंनी विचारलं.

सरांना बरं वाटलं. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं, पण घरातून असा प्रश्न कधी आला नव्हता.

"वेट करणारा माणूस जागेवर थांबून राह्यते. एक्स्पेक्टमध्ये थांबणं नाही. पुढं काय होणार, त्याचा अंदाज असते फक्त."

"म्हणजे अंदाज आला, तं थांबाची गरज नाही."

"बरोब्बर. हुशार आहेस की!"

पुष्पाबाई काड्या सुपातून वेगळ्या काढत राहिल्या.

महिन्याभरापूर्वी त्यांनीच बातमी सांगितली होती. मुलगा कुलदीप आणि सून अनुपमा कॅनडाहून डोणगावला येणार. सून बंगलोरची, तिला मराठी येत नाही. "मी का मुक्यासारखी बसू? मले शिकवा," असा त्यांनी हट्टच धरला.

खरं तर सर आणि पुष्पाबाईंनीच तिकडे जायचं होतं. दोन वर्षांपूर्वी पासपोर्ट निघाले, व्हिसाही आले. पण आधी सोयाबीन आडवं आलं, मग पुतण्याचं लग्न, मग कडाक्याची थंडी. सर दरवेळी म्हणायचे, "थांब, पाहू." पोरगाच येतो म्हटल्यावर त्यांना सुटल्यासारखं झालं.

कुलदीपचा फोन बहुधा आईलाच यायचा. वडिलांशी त्याचं बोलणं दोन मिनिटांचं. गेल्या रविवारी सरांनी त्याला विचारलं, "शुक्रवारचं पक्कं नं?"

"हाव बाबा, पक्कं. तुम्ही काळजी नका करू."

पुष्पाबाई कामाला लागल्या. शेवया केल्या, तिखट कुटलं, सगळं डब्यात बांधलं. सरांना खिचडी लावायला शिकवली. पहिल्या दिवशी ती बुडाला लागली, चौथ्या दिवशी बरी जमली.

"हे काऊन?" सरांनी विचारलं.

"मी सुनेजवळ बसन, का कुकरजवळ?"

सरांना ते पटलं.

शुक्रवारी सकाळी पुष्पाबाईंनी त्यांच्यासमोर इस्त्रीचा सदरा ठेवला. "तुम्ही फाट्यावर जाऊन उभे राहा. ड्रायव्हरले आपला रस्ता ठाऊक नाही, चुकून पुढं जाईन."

सर नऊलाच फाट्यावर पोचले. चहावाल्या गोपालला त्यांनी पोरगा येत असल्याचं दोनदा सांगितलं. साडेनऊच्या सुमारास गावाकडून एक पांढरी गाडी आली. सदऱ्यावर धूळ नको म्हणून ते मागं सरकले. मेहकरकडून येणारी प्रत्येक गाडी मात्र त्यांनी नीट निरखली.

एक वाजला. घरी फोन लावला, पुष्पाबाईंनी उचलला नाही. स्वयंपाकात असेल. मग त्यांनी कुलदीपला लावला. बऱ्याच वेळानं त्यानं घेतला. आवाज झोपेतला होता.

"अरे, कुठंसा आला तू? मी फाट्यावर उभा आहो."

"बाबा? मी घरीच आहो. इथं पहाटेचे साडेतीन वाजले."

"घरी? मंग आज येऊन कोण राह्यलं?"

"आई येऊन राह्यली नं! रात्रीचं विमान आहे तिचं." कुलदीप आता पुरता जागा झाला होता. "ती म्हणे, तुमचं शेत सुटत नाही, तं तिले एकटीलेच पाठवायचं तुम्ही ठरवलं. मले तं लय आनंद झाला, बाबा."

गोपालनं पुढं केलेला चहा सरांनी घेतला नाही.

"परत कवा येणार ती?" त्यांनी हळूच विचारलं.



"म्हणजे तुमच्याशी बोलली नाही ती? परतीचं तिकीट तं तिनं काढूच देल्लं नाही."