डागाची कड

गजकर्ण मधून बरं होत जातं आणि कडेने वाढत जातं, हे डॉक्टरांनी इस्त्रीवाल्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "डाग गेला तरी पुढे दोन आठवडे मलम लावायचंच. तोवर टॉवेल वेगळा, अंथरूण वेगळं, आणि बाळाला हात लावायचा नाही."

दीड महिन्याची लेक पलीकडच्या खोलीत रडायची आणि हा बापडा इकडे कासावीस व्हायचा. कमरेची खाज थांबली त्याच दिवशी त्याने मलम बंद केलं.

आज सकाळी कंबर लख्ख होती. "अगं, गेलं! देवच पावला!" असं ओरडत तो खाटेवरून उतरला, आणि पाहतो तर खाटेभोवती फरशीवर एक तांबूस, खवले सुटलेली गोल कड. आतली फरशी मात्र नितळ. त्याने कडेला बोट लावलं. ती कोमट होती. ओलांडायला पाऊल उचललं तर अंगाची अशी आग झाली की तो मटकन खाली बसला.

बायको बाळाला घेऊन दारात आली. "घ्या, सांभाळा आता तुमचं रत्न."

"थांब, आत येऊ नकोस!"

"अजून किती थांबायचं? महिनाभर थांबलेच की!"

हसत हसत ती कड ओलांडून आली. तिला काहीच झालं नाही. तिने लेक त्याच्या मांडीवर ठेवली. त्याचे डोळे भरून आले.

गॅसवर दूध होतं म्हणून ती घाईने वळली, आणि कडेपाशी थबकली.

"अहो," कंबर खाजवत ती म्हणाली, "मला पुढे पाऊल का टाकता येत नाही?"